कोणत्या गाण्याला पुढें करावयाचें?



शाळेच्या वार्षिक तपासणीला साहेब यावयाचे असले, म्हणजे आदल्या दिवशीं आम्हां शिक्षकांच्या खोलींत एका प्रश्नाचा खल हटकून होत असे: साहेबांपुढें उभें कोणाला करावयाचें? वर्गांत जो सर्वांत बुद्धिमान् असेल त्याला, असें उत्तर आपण द्याल. प्रत्यक्षांत तसें होत नसे. ज्याचा आवाज खणखणीत, जो पहिल्या प्रश्नाला अडखळत नाहीं, ज्याचा सदरा स्वच्छ आणि चेहरा हंसरा, असा मुलगा पहिल्या बांकावर येऊन बसे. आणि ज्याला समजून घ्यावयास चार दिवस लागावे असा एखादा अबोल मुलगा भिंतीकडच्या बांकावर सरकविला जाई. साहेबांपाशीं वेळ अर्ध्या तासाचा, आणि तेवढ्यांत शाळेची अब्रू राखावयाची. मींही हेंच केलेलें आहे, आणि एका मुलाच्या बाबतींत माझें चुकलें. ती हकीकत ओघानें सांगेन.

आजचा विषय मात्र शाळेचा नाहीं. तो संगीताचा आहे, आणि संगीतही अमेरिकेंतलें. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल ह्या गायकांच्या जोडीनें १९६४ पासून १९७० पर्यंत पांच लॉंग-प्ले तबकड्या काढल्या आणि मग ती जोडी फुटली. शब्द आणि चाली बहुतेक सायमनच्या. उंच, निर्मळ सूर गारफंकलचा. त्यांच्या गाण्यांपैकीं कोणतें सुटें काढलें, कोणतें काढावयास हवें होतें आणि कोणतें उगाच काढलें, हा वाद त्यांच्या चाहत्यांत अजून मिटलेला नाहीं. माझ्या घरीं तो दर रविवारीं होतो. माझे एक स्नेही आहेत, बँकेंतून निवृत्त झालेले. १९७८ सालीं आम्ही दोघे एकाच वाड्यांत राहत असतां त्यांनीं ह्या जोडीच्या निवडक गाण्यांची तबकडी विकत आणली, आणि तेव्हांपासून ते एका बाजूचे वकील आणि मी दुसऱ्या. आज केवळ माझीच बाजू आपल्या कानीं पडणार, ह्याबद्दल त्यांची आगाऊ क्षमा मागतों.

सुटें गाणें, म्हणजे तिकडे ज्याला 'सिंगल' म्हणतात तें, काय असतें हें आधीं सांगितलें पाहिजे. कारण आतां यंत्रावर बोट ठेवलें कीं हवें तें गाणें वाजतें, आणि तरुण श्रोत्यांना हा भेद ठाऊक असण्याचें कारण नाहीं. १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी मोठी तबकडी बाजारांत आणली. तिच्या एकेका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. दुसऱ्याच वर्षीं आर. सी. ए. व्हिक्टर ह्या प्रतिस्पर्धी कंपनीनें सात इंच व्यासाची, ४५ फेऱ्यांची लहान तबकडी काढली. तिच्या एका अंगावर एक गाणें, दुसऱ्या अंगावर एक. पहिलें अंग तें दर्शनी. तेंच नभोवाणी केंद्रांकडे धाडावयाचें, त्याचीच जाहिरात करावयाची. मागल्या अंगावर कांहींतरी घालावयाचें म्हणून घातलेलें गाणें असे. गंमत अशी कीं, तबकडी विकली गेली म्हणजे दोन्ही अंगांच्या गीतकारांना मानधन सारखेंच मिळे. कीर्ति मात्र दर्शनी अंगाचीच होई. १९५८ च्या ऑगस्टपासून 'बिलबोर्ड' हें साप्ताहिक, विक्री आणि नभोवाणीवरील वादन ह्यांचा एकत्र हिशोब करून, दर आठवड्याला शंभर सुट्या गाण्यांची क्रमवारी छापूं लागलें. मोठी तबकडी घेण्याजोगे पैसे ज्यांच्या खिशांत नसत तीं मुलें लहान तबकडी घेत. आणि सुटें गाणें चाललें कीं मोठी तबकडीही मागोमाग चाले. दहाबारा भावंडांपैकीं एकानें दारांत उभें राहून साऱ्या घराची ओळख करून द्यावी, असा हा प्रकार होता.

दारांत उभें राहण्याला वेळेचीही मर्यादा होती. ७८ फेऱ्यांच्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन-सव्वातीन मिनिटेंच मावत; आपल्या जुन्या गवयांनीं तेवढ्यांत आलाप, बंदिश आणि ताना कशा बसविल्या, हें त्या तबकड्या ऐकलेल्यांना माहीत आहे. यंत्राची अडचण पुढें गेली, पण नभोवाणीवाल्यांची संवय राहिली. तीन मिनिटांवरचें गाणें ते सहसा हातीं धरीत नसत. १९६७ सालीं ह्या जोडीनें 'फेकिन इट' हें गाणें सुटें काढलें, तें भरलें ३ मिनिटें १४ सेकंद. तबकडीवरच्या कागदावर मात्र वेळ छापली '२:७४'. दोन मिनिटें चौऱ्याहत्तर सेकंद! गणित शिकविण्यांत ज्याची हयात गेली त्याला हें उत्तर चूक म्हणतां येत नाहीं. बेरीज बरोबर आहे, फक्त हातचा घेतलेला नाहीं. एवढी युक्ति करूनही गाणें २३ व्या क्रमांकाच्या वर गेलें नाहीं, ही गोष्ट निराळी.

असो. आतां निवड कोणी करावी? कलावंतानें, असें आपण सहज म्हणून जातों. ह्या जोडीचा इतिहास उलट साक्ष देतो. दोघेही १९४१ चे, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत वाढलेले, शाळासोबती. १९५७ च्या अखेरीस, वयाच्या सोळाव्या वर्षीं, 'टॉम अँड जेरी' ह्या टोपणनांवानें त्यांनीं 'हे स्कूलगर्ल' हें सुटें गाणें काढलें आणि तें बिलबोर्डच्या यादींत ४९ व्या जागेपर्यंत पोंचलें. गारफंकल झाला होता टॉम. हें नांव लक्षांत ठेवा, पुढें लागणार आहे. त्यानंतर कित्येक वर्षें हाताला यश आलें नाहीं. १९६४ च्या ऑक्टोबरांत स्वतःच्या नांवांनीं पहिली मोठी तबकडी निघाली, तीही पडली. सायमन इंग्लंडांत निघून गेला, गारफंकल कॉलेजांत परतला. त्या पडलेल्या तबकडींत 'द साउंड ऑफ सायलेन्स', म्हणजे निःशब्दतेचा नाद, हें गाणें होतें. दोन कंठ आणि गिटारची साधी साथ. १९६५ सालीं बोस्टनच्या आणि फ्लॉरिडाच्या कांहीं केंद्रांवर तें वाजूं लागलें आणि तरुण मुलें तें पुन्हां पुन्हां मागूं लागलीं. हें कळतांच टॉम विल्सन ह्या कंपनीच्या निर्मात्यानें त्या जुन्याच ध्वनिमुद्रणावर विजेचें गिटार, बास आणि ड्रम चढविले आणि सप्टेंबरांत तें सुटें गाणें म्हणून बाजारांत सोडलें. गाणाऱ्यांना विचारलें सुद्धां नाहीं! १ जानेवारी १९६६ च्या यादींत तें पहिल्या क्रमांकावर होतें, आणि फुटलेली जोडी घाईघाईनें पुन्हां एकत्र आली. दुसऱ्याच्या गाण्यांत अशी ढवळाढवळ करणें मला मुळींच पसंत नाहीं. परंतु ती झाली नसती तर माझ्या स्नेह्यांनीं तबकडी आणली नसती आणि आम्हांला भांडावयास दुसरा विषय शोधावा लागला असता.

त्यानंतर १९६६ सालीं 'होमवर्ड बाउंड' पांचव्या आणि 'आय ॲम अ रॉक' तिसऱ्या क्रमांकावर गेलें. ह्या दोहोंविषयीं वाद नाहीं. वाद सुरू होतो तो त्याच वर्षींच्या 'द डँगलिंग कॉन्व्हर्सेशन' ह्या गाण्यापासून. एका खोलींत स्त्री आणि पुरुष बसलेलीं आहेत. एकाच्या हातीं एमिली डिकिन्सन हिच्या कविता, दुसऱ्याच्या हातीं रॉबर्ट फ्रॉस्ट ह्याच्या. दोघेंही शहाण्यासारखें बोलताहेत आणि एकाचेंही बोलणें दुसऱ्यापर्यंत पोंचत नाहीं. तंतुवाद्यांची मंद साथ आहे. गाणें नाजूक, विचारी आणि मला फार प्रिय. पण तें सुटें काढणें ही चूक होती, असें मी म्हणतों आणि माझे स्नेहीही म्हणतात. आमचें एकमत होण्याचें हें एकच स्थळ. दिवाणखान्यांत बसून ऐकावयाचें गाणें त्यांनीं रस्त्यावर उभें केलें. तें २५ व्या क्रमांकावर अडकलें.

उलट, त्या वर्षाच्या अखेरीच्या 'पार्सली, सेज, रोजमेरी अँड टाइम' ह्या तबकडींत एक गाणें असें होतें कीं तें स्वतःच दारांत जाऊन उभें राहिलें असतें. न्यूयॉर्कच्या ५९ व्या रस्त्याच्या पुलावरचें तें गाणें, पावणेदोन मिनिटांचेंही नाहीं; सकाळच्या उन्हांत, कांहीं काम नसतां, दगडी फरसबंदीवरून रमतगमत चालणाऱ्या माणसाचें. घाई करूं नका, एवढेंच त्याचें सांगणें. १९६७ च्या आरंभीं हें गाणें ह्या जोडीनें कोठें घातलें? 'ॲट द झू' ह्या प्राणिसंग्रहालयाच्या गाण्याच्या पाठीमागें! आणि नेमक्या त्याच सुमारास हार्पर्स बिझार नांवाच्या दुसऱ्या एका गायकवृंदानें तेंच पुलावरचें गाणें आपल्या तबकडीच्या दर्शनी अंगावर घालून १३ व्या क्रमांकापर्यंत नेलें. 'ॲट द झू' राहिलें १६ व्या जागीं. म्हणजे आपण मागें टाकलेलें मूल शेजाऱ्यानें बोट धरून नेलें आणि त्यानें शर्यतींत आपल्या लाडक्याला मागें टाकलें. सायमनला मानधन मिळालेंच, कारण गाणें त्याचें. पण कंठ दुसऱ्यांचे. येथें निवड चुकली, ह्यावर अधिक पुरावा लागत नाहीं.

आतां खऱ्या भांडणाकडे येतों.

३ एप्रिल १९६८ रोजीं 'बुकेंड्स' ही त्यांची चौथी मोठी तबकडी निघाली. तिच्यांत 'अमेरिका' हें गाणें आहे. दोन तरुण जीव पिट्सबर्गला बसमध्यें चढतात आणि आपला देश शोधावयास निघतात. आधीं थट्टा चालते, समोरच्या उतारूविषयीं कांहीं तरी अद्भुत तर्क होतात, खेळ होतो. मग खिडकीबाहेर चंद्र उगवतो, सोबतीण झोपी जाते, आणि जागा राहिलेला तो तिला सांगतो कीं मी हरवलों आहें. ती झोपलेली आहे हें माहीत असतांनाच सांगतो. जागी असती तर बोलला नसता. अखेरीस हमरस्त्यावरच्या मोटारी मोजतां मोजतां त्याच्या ध्यानांत येतें कीं त्या प्रत्येक मोटारींत कोणीतरी हेंच शोधीत चाललें आहे. ह्या गाण्याला यमकें नाहींत. मला हें ध्यानांत यावयास कित्येक वर्षें लागलीं, आणि तेंही स्नेह्यांनीं दाखवून दिल्यावर. चाल शब्दांना इतकी धरून आहे कीं यमकाची उणीव भासतच नाहीं.

तें वर्ष कसलें होतें, हें आठवा. तबकडी निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची हत्या झाली. ६ जूनला रॉबर्ट केनेडी ह्यांचा गोळीच्या जखमांनीं मृत्यु झाला. ऑगस्टांत शिकागोस डेमोक्रॅटिक पक्षाचें अधिवेशन भरलें असतां बाहेर पोलिसांनीं तरुणांना झोडपून काढलें. व्हिएतनामचें युद्ध चालूंच होतें. लक्षावधि तरुण घराबाहेर पडून, आपला देश हाच काय, असें विचारीत होते. आणि नेमका तोच प्रश्न विचारणारें गाणें एका मोठ्या तबकडीच्या पहिल्या बाजूवर तिसऱ्या जागीं बसून राहिलें होतें. त्या जूनमध्यें यादीच्या शिरोभागीं ह्याच जोडीचें 'मिसेस रॉबिन्सन' होतें, सलग तीन आठवडे. तें पुढें केलें ह्याबद्दल माझी तक्रार नाहीं. माइक निकल्सच्या 'द ग्रॅज्युएट' ह्या चित्रपटानें तें घरोघर नेलें होतें, आणि त्याचा ठेकाही दारांत उभा राहणाराच आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. 'मिसेस रॉबिन्सन' निघालें एप्रिल १९६८ मध्यें. त्यानंतरचें सुटें गाणें 'द बॉक्सर' निघालें तें १९६९ च्या वसंतांत. जवळजवळ एक वर्ष दार मोकळें होतें, आणि आंत 'अमेरिका' तयार बसलें होतें.

माझे स्नेही ह्यावर तीन आक्षेप घेतात. पहिला, गाणें लांब. तें साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे; आणि त्याच वर्षाच्या शरदांत बीटल्सचें सात मिनिटांहून लांब 'हे ज्यूड' अमेरिकेंत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें, तेव्हां हा आक्षेप टिकत नाहीं. दुसरा, ह्या गाण्याला घोळवून घोळवून म्हणावें असें पालुपद नाहीं. हें खरें, आणि ह्याला मजपाशीं चांगलें उत्तर नाहीं; प्रत्येक टप्प्याच्या शेवटीं सूर वर चढून देशाच्या शोधाकडे वळतो, त्यालाच मी पालुपद मानतों, पण ते मानीत नाहींत. तिसरा आक्षेप कारागिरीचा आहे. 'बुकेंड्स'च्या पहिल्या बाजूवरचीं गाणीं एकमेकांत मिसळलेलीं आहेत. आधींच्या गाण्याचा शेवट विरत असतांनाच 'अमेरिका'ची गुणगुण सुरू होते. मग तें कापून वेगळें कसें करावें? उत्तर सोपें आहे: पुढें त्यांनींच कापलें. १९७२ सालीं, जोडी फुटून दोन वर्षें होऊन गेल्यावर, निवडक गाण्यांच्या तबकडीसाठीं 'अमेरिका'ला स्वच्छ आरंभ देण्यांत आला आणि तें एकदाचें सुटें निघालें. अमेरिकेंत तें ९७ व्या क्रमांकावर पोंचलें. शंभरांत सत्याण्णवावें! इंग्लंडांत २५ वें.

"पाहा मास्तर, सत्याण्णव!" हा माझ्या स्नेह्यांचा हुकमाचा एक्का आहे, आणि गेलीं कित्येक वर्षें ते तो माझ्यापुढें टाकीत आले आहेत. मी म्हणतों, पेरणीच्या वेळीं बीं कणगींत ठेवलें आणि कापणीच्या महिन्यांत शेतांत टाकलें, तर पीक आलें नाहीं ह्याचा दोष बियाला देतां येत नाहीं. १९७२ चा श्रोता निराळा होता. गाणारे वेगळे झाले होते. नभोवाणीवर ह्या जोडीचें नवें कांहीं ऐकावयाचें राहिलें नव्हतें. तथापि गाणें मेलें नाहीं. २०१६ सालीं बर्नी सँडर्स ह्यांनीं राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीं जी जाहिरात काढली, तिला हेंच गाणें होतें. जाहिरातींत भाषण जवळजवळ नाहींच; साधीं माणसें, शेतें, सभा, आणि मागें तें गाणें. पहिल्या क्रमांकाचीं पुष्कळ गाणीं सोडून, अठ्ठेचाळीस वर्षांनंतर देशाला हांक मारावयास सत्याण्णवावें गाणें निवडलें गेलें.

येथें माझ्या त्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतों. तपासणीच्या दिवशीं मीं त्याला भिंतीकडे बसविलें होतें. साहेबांनीं पहिल्या बांकांवर प्रश्न विचारले, खणखणीत उत्तरें मिळालीं, आमचें काम झालें. निघतां निघतां ते सहज त्या मुलाच्या बांकापाशीं थांबले, त्याची निबंधाची वही उचलली आणि उभ्यानें वाचूं लागले. पान उलटलें, आणखी एक उलटलें. बरीच मिनिटें गेलीं. मग त्यांनीं त्याला कांहीं विचारलें; तो गप्प. माझ्याकडे वळून म्हणाले, "हा बोलत कां नाहीं?" मीं म्हटलें, "बोलतो साहेब, पण त्याला वेळ लागतो." "मग आम्हांला वेळ नाहीं असें तुम्हांला कोणी सांगितलें?" मला उत्तर सुचलें नाहीं. त्या मुलानें हें सारें ऐकलें, आणि त्यापूर्वीं मीं त्याला मागें कां बसविलें हेंही त्याला समजलें असावें. त्यानंतर त्यानें वही माझ्याकडे आपण होऊन कधीं आणली नाहीं. 'अमेरिका'विषयीं बोलतांना माझा आवाज थोडा चढतो, असें घरचीं माणसें म्हणतात, त्याचें कारण हें आहे. ऐकणाराला वेळ नाहीं हें आपणच ठरवून टाकतों.

आतां १९७०. जानेवारींत 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर', खवळलेल्या पाण्यावरचा पूल, ह्या नांवाचें सुटें गाणें आणि त्याच नांवाची मोठी तबकडी निघाली. गाणें सायमननें लिहिलें आणि गारफंकलनें गावें असा आग्रह धरला. गारफंकल म्हणत होता कीं तूंच गा. लॅरी नेक्टेल ह्याच्या पियानोवर तें सुरू होतें, पहिलीं दोन कडवीं गारफंकल एकटा गातो, सायमनचा सूर मिळतो तो शेवटच्या कडव्यांत. लांबी पांच मिनिटांच्या जवळपास, चाल संथ, भजनासारखी. जुन्या हिशोबानें हें गाणें दारांत उभें करण्याजोगें मुळींच नव्हतें. परंतु कोलंबियाचा अध्यक्ष क्लाइव्ह डेव्हिस ह्यानें तें ऐकलें आणि हेंच आधीं काढावयाचें असें ठरविलें. सहा आठवडे तें पहिल्या क्रमांकावर राहिलें आणि पुढच्या वर्षीं ग्रॅमीचीं मोठीं पारितोषिकें घेऊन गेलें. येथें श्रोत्याला वेळ आहे असें कोणीतरी धरून चाललें. श्रोत्यानें तो दिला.

ह्या यशाला एक कांटा होता. जोडीचें सर्वांत गाजलेलें गाणें बहुतांशीं एकाच्याच कंठांतलें निघालें. मंचावर गारफंकल तें गाई, टाळ्यांचा कडकडाट होई, आणि ज्यानें तें लिहिलें तो बाजूला उभा असे. हें आपल्याला बोंचत होतें, हें सायमननें पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे. तें एक गाणें पुढें केलें म्हणून जोडी फुटली असें मी म्हणणार नाहीं. फुटण्याचीं कारणें आधींपासून सांठत होतीं. १९६९ सालीं गारफंकल माइक निकल्सच्याच 'कॅच-२२' ह्या चित्रपटांत काम करण्यासाठीं मेक्सिकोला गेला होता. त्या चित्रपटांत सायमनलाही भूमिका मिळावयाची होती, ती पटकथेंतून गळाली. एकजण विमानानें गेला, दुसरा न्यूयॉर्कमध्यें गाणीं लिहीत राहिला.

त्या एकटेपणांतून जें गाणें निघालें त्याचें नांव 'द ओन्ली लिव्हिंग बॉय इन न्यूयॉर्क'. न्यूयॉर्कमधला एकमेव जिवंत मुलगा. आरंभींच तो मित्राला नांवानें हांक मारतो, आणि तें नांव आहे टॉम! सोळाव्या वर्षींचें तें टोपणनांव दोघांशिवाय कोणाला आठवत होतें? जा, तुझें विमान वेळेवर गांठ, तुझें काम चांगलें होईल, असें म्हणून तो मित्राला निरोप देतो. रागाचा एक शब्द नाहीं. मग मागून त्या दोघांचेच सूर, थरावर थर चढवून, एखाद्या देवळाच्या घुमटांतून यावे तसे येतात. हें गाणें एप्रिल १९७० मध्यें 'सिसीलिया'च्या मागल्या अंगावर घातलें गेलें. 'सिसीलिया' म्हणजे टाळ्या आणि ठोके ह्यांचा नुसता धांगडधिंगा, मित्रमंडळींत मौजेनें वाजवितां वाजवितां जमलेला. तो चौथ्या क्रमांकावर गेला.

पुष्कळ रसिक म्हणतात कीं हीं दोन अंगें उलट हवीं होतीं. 'अमेरिका'साठीं एवढा भांडणारा मीही तेंच म्हणेन अशी आपली अपेक्षा असेल. मी तसें म्हणत नाहीं. 'अमेरिका' हें लोकांना उद्देशून आहे, त्याला लोकांत जावयास हवें होतें. हें दुसरें गाणें एका मित्रानें दुसऱ्याला लिहिलेलें पत्र आहे, आणि पत्राला पाकीटच शोभतें. 'सिसीलिया'वर नाचून झाल्यावर ज्यांनीं कुतूहलानें तबकडी उलटली, त्यांच्या हातीं तें पडलें. माझ्या मतें तेवढ्यांनाच तें पाठविलेलें होतें. माझे स्नेही येथें माझ्यावर विसंगतीचा आरोप ठेवतात. ठेवूं देत.

कोणी विचारील, आज प्रत्येक गाणें सुटेंच झालेलें असतां हा जुना हिशोब कशाला? पण माझी नात ह्या जोडीचीं म्हणून जीं चार गाणीं ओळखते, तीं चारही त्या काळीं दर्शनी अंगावर होतीं. मागल्या अंगावरचीं शोधावीं लागतात, आणि शोधावयास आधीं तीं आहेत हें माहीत असावें लागतें.

शिवाय, निवड चुकल्याची कबुली त्या जोडीकडूनच मिळालेली आहे, असें मला वाटतें. १९७२ ची ती निवडक तबकडी घ्या. तिचें नांव 'ग्रेटेस्ट हिट्स', म्हणजे सर्वांत गाजलेलीं गाणीं; गाणीं चौदा. तिच्यांत 'द डँगलिंग कॉन्व्हर्सेशन' नाहीं, 'अ हेझी शेड ऑफ विंटर' नाहीं, 'ॲट द झू' नाहीं, 'फेकिन इट' नाहीं. हीं चारही सुटीं निघालीं होतीं आणि चारही पहिल्या पंचविसांत आलीं होतीं. त्यांच्या जागीं कोण आलें? 'अमेरिका', पुलावरचें तें गाणें, 'फॉर एमिली', 'कॅथीज सॉंग' आणि 'बुकेंड्स'. ह्यांपैकीं एकही तोंवर दर्शनी अंगावर आलेलें नव्हतें. न गाजलेलीं पांच गाणीं गाजलेल्यांच्या यादींत बसविलीं, आणि गाजलेलीं चार बाहेर ठेवलीं! नांवाच्या दृष्टीनें हा उघड खोटेपणा आहे, आणि इतका न्याय्य खोटेपणा माझ्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर दुसरें गाणें 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' आणि त्याच्या लगोलग तिसरें 'अमेरिका'. तबकडी स्नेह्यांची, ग्रामोफोनही त्यांचाच. रविवारीं दोन्ही ते पिशवींतून माझ्याकडे घेऊन येतात. पुलाचें गाणें संपलें कीं ते सुई उचलावयास हात पुढें करतात आणि म्हणतात, "मास्तर, एवढा मोठा पूल ओलांडल्यावर आतां बसमध्यें कशाला चढावयाचें?" मी म्हणतों, "अहो, बसा. वेळ आहे." बहुतेक रविवारीं त्यांचा हात माझ्या हाताच्या आधीं पोंचतो. गेल्या रविवारीं त्यांनीं तो मध्येंच थांबविला, आणि दोन गाण्यांमधल्या कोऱ्या पट्टींतून सुई सरकत पुढें गेली.